मरणाचा अर्ज

७ सप्टेंबर, रविवार

आज अर्जाची पहिली ओळ उतरली!

एकतीस वर्षं वणीच्या तहसील कचेरीसमोर टिनाच्या शेडखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहिले. फेरफार, वारस नोंद, रेशनकार्डातलं चुकलेलं नाव, भावाविरुद्ध, नवऱ्याविरुद्ध, एकदा तर शेजाऱ्याच्या बोकडाविरुद्ध. पण ‘अर्जदार’ या शब्दापुढं स्वतःचं नाव आज पहिल्यांदा लिहिलं. धर्मपाल नगराळे, वय ६१, धंदा अर्ज लिहिणे, राहणार वणी, जिल्हा यवतमाळ. हात थरथरला, पण तो आजारानं. आतून मी भलताच खूश होतो.

आजाराचं एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. जूनमध्ये नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हालचालीच्या नसा मरत चालल्या आहेत. आधी हात, मग पाय, जीभ, गिळणं, शेवटी श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत. बरं करणारं औषध नाही. दोन वर्षं, फार तर तीन, कदाचित एकच.

आता कायदा. मशीन लावू नका, नळी काढा, असं आधी लिहून ठेवायची सोय सर्वोच्च न्यायालयानं दिलेली आहे. पण मला तर नळी लागलेलीच नाही. ती लागायच्या आधी एखाद्या दिवशी मी शुद्धीत राहून ‘पुरे’ म्हटलं आणि डॉक्टरकडं शांत मरण मागितलं, तर देणारा डॉक्टर जेलमध्ये जाईल. काही देशांत कायदा आहे, आपल्याकडं नाही. सबब विधानसभेकडं विनंती अर्ज करायचा की राज्यानं असा कायदा करावा, नाहीतर केंद्राला तशी शिफारस करावी. अशा अर्जावर आमदाराची सही लागते आणि सभागृहात तो त्यानंच सादर करायचा असतो. नियम काढून ठेवलेत.

कांतानं विचारलं, “काय लिहून राह्यले एवढं?” सांगितलं. तिनं हातातली ताटली खाली ठेवली, चप्पल घातली आणि अंगणवाडीत निघून गेली. सुटीच्या दिवशी. चहा राहिलाच.

११ सप्टेंबर

लालसिंग राठोडला मसुदा वाचून दाखवला. लालसिंग म्हणजे एस.टी.चा रिटायर कंडक्टर, माझा चाळीस वर्षांचा दोस्त. त्याची बायको मैनाबाई तीन वर्षांमागं जबड्याच्या कॅन्सरनं गेली. शेवटच्या दोन महिन्यांचं त्यानं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

आज वाचून झाल्यावर म्हणाला, “थे रोज मले हात जोडे. बोलता येत नोहतं, त हातच जोडे. मी म्हनो, देवाले जोड, मले कायले जोडतं.”

मी कागद घडी करू लागलो तर त्यानं माझा हात धरला. “थांब ना बे. पहिली सही माह्यी.”

एक सही झाली! किमान हजार करायच्या. नियमात एवढ्या लागत नाहीत, पण माझ्या अनुभवानं सांगतो, कागद जाड असला की साहेब तो उचलून बघतो.

१९ सप्टेंबर

मजा येऊन राहिली आहे. सकाळी कचेरीचं आवार, दुपारी चहाच्या टपऱ्या, संध्याकाळी बसस्टँड. लालसिंग माणसं अडवतो, मी समजावतो. कंडक्टरची सवय, त्याच्या तावडीतून कोणी सुटत नाही.

निम्म्या लोकांना वाटतं ही नवी योजना आहे. जमनी नावाची एक म्हातारी कोळशाच्या ट्रकमधून उतरून थेट आमच्याकडं आली. “कायचा फारम आहे बापा? काय भेटते यात?”

लालसिंग म्हणाला, “मरण भेटते, आजी.”

“थे त बसल्या जागी भेटते. त्याले फारम कायले?”

आम्ही दोघं इतके हसलो की लोक जमले. मग मी आजीला नीट समजावलं. ती ऐकत राहिली. म्हणाली, “माह्या मायले सांगाले पाह्यजे होतं हे,” आणि अंगठा दिला. त्या गर्दीतून त्रेचाळीस सह्या मिळाल्या.

घरी येऊन कांताला सगळं रंगवून सांगितलं. जमनीच्या बोलण्यावर तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “शाल घेऊन जात जा. वारं सुटून राह्यलं.”

४ ऑक्टोबर

मारेगावला गेलो होतो. तिथं दीपा नावाची मुलगी ऑनलाइन फॉर्म भरण्याचं केंद्र चालवते. लहानपणीच पाय गेले, चाकाच्या खुर्चीवर बसून काम करते, तालुक्यात तिच्याइतकं नीट काम कोणाचं नाही. मला वाटलं, ही तर हसत सही करेल.

तिनं अर्ज पूर्ण वाचला. दोनदा. मग म्हणाली, “मी नाही करत, काका.”

“काहून?”

“यात लिहिलं आहे, ‘ज्यांचे जीवन परावलंबी व निरर्थक झाले आहे असे रुग्ण.’ काका, मले सकाळी उठवाले भावजय लागते. मी परावलंबी आहो. उद्या हा कायदा झाला आन् ते म्हणाली, दीपा, सरकारनं सोय करून देल्ली, तू कायले त्रास काढतं? त मी कोणाले अर्ज लिहून मागू? तुम्हाले?”

मी म्हणालो, असा अर्थ नाही, सद्हेतू बघ. ती म्हणाली, “कागदाले हेतू नसते. तुम्हीच त सांगत असान लोकायले.”

एकतीस वर्षं अर्ज लिहिणाऱ्याला ही काल आलेली मुलगी शिकवते! बसमध्ये लालसिंगला म्हणालो, एक सही नाही झाली तर काय बिघडलं. तो म्हणाला, “मंग एवढा काहून तापून राह्यला?”

७ ऑक्टोबर

पुन्हा मारेगाव. एकटाच. तिच्यासमोर कागद ठेवला आणि म्हणालो, “कुठं चुकलं सांग.”

सकाळी दहा ते दुपारी चार. मधे तिच्या भावजयीनं आम्हाला पोहे दिले, आणि तिच्यासमोरच आम्ही ‘नातेवाइकास अर्ज करता येणार नाही’ हे कलम लिहिलं! ‘परावलंबी’ उडालं. ‘निरर्थक’ उडालं. मरण जवळ आलेला रुग्णच अर्ज करेल, अपंगत्व हे कारण चालणार नाही. दोन डॉक्टर, वेगवेगळ्या दवाखान्यांतले. मधे थांबायची मुदत. शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणायचा हक्क. आणि सगळ्यांत वर दीपाचं कलम: आधी सरकारनं वेदना थांबवायचं औषध आणि घरी येणारी नर्स प्रत्येक तालुक्यात द्यावी, मगच दुसरं. मी म्हणालो, हा तर वेगळाच अर्ज झाला. ती म्हणाली, “नाही, आता हा पुरा झाला.”

खरंच पुरा झाला. इतकं घट्ट मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. येताना विचारलं, आता करतेस सही? “नाही. पण टाइप करून देतो.”

बसमध्ये मी मोठ्यानं अर्ज म्हणत होतो. कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं.

२२ ऑक्टोबर

पेन सुटतो. तीन बोटांनी धरून पाहिला, रबर गुंडाळून पाहिला. आजपासून मोबाइलमध्ये बोलून लिहितो आहे. मोबाइल कानानं तिखट नाही. ‘सन्मानाने मरण’ म्हटलं तर त्यानं ‘सन्मानाने धरण’ लिहिलं. म्हणजे मी आता पाटबंधारे खात्याकडं अर्ज करणार!

सह्या आठशे सहा.

कांतानं माझ्या सगळ्या शर्टांची बटणं काढून चिकटपट्ट्या शिवल्या. मी काही बोललो नव्हतो. सात शर्ट, दोन दिवस बसली होती. एवढा वेळ दिला त्यात दोन गावं फिरली असती माझ्याबरोबर, पण अर्जाचं नाव काढलं की उठून जाते. पंचशीलातलं पहिलं शील सांगते मला. मी म्हणालो, मी कोणाचा जीव घेऊन नाही राहिलो. “आपला त घेऊन राह्यले,” म्हणाली.

५ नोव्हेंबर

आमदारांची भेट झाली! पाच मिनिटं दिली होती, वीस मिनिटं बसलो.

त्यांनी आधी हात झटकले. “काका, लोक रस्ता मागते, पाणी मागते. मी सभागृहात उभा राहून मरण मागू? विरोधक काय म्हणतीन?”

मी म्हणालो, रस्ता तुम्ही मागाच, पण तोही शेवटी सगळ्यांना एकाच ठिकाणी नेतो. ते हसले नाहीत. अर्ज उघडून वाचू लागले. दीपाचं कलम आलं तिथं थांबले. तालुक्यात वेदनेचं औषध मिळत नाही का, असं त्यांनी शेजारच्याला विचारलं. मग स्वतःच म्हणाले, “आमचे बाबा वीस दिवस मशीनवर होते.”

“बघतो,” म्हणाले. साहेबलोकांचं ‘बघतो’ मी चांगलं ओळखतो. हे ‘बघतो’ खरं होतं.

२१ नोव्हेंबर

फोन आला! ११ डिसेंबरला नागपूरला या, अधिवेशनात अर्ज सादर करू. दोन पास मिळतील.

लालसिंगला फोन लावला तर तो कापसाच्या बाजारात होता, तिथूनच ओरडला. म्हणाला मी बोलतो ते नीट कळत नाही, पण आनंदाचं दिसते. त्याचा फोन जुना आहे. माझ्या मोबाइलनंही हल्ली बोलून लिहायचं काम सोडलं आहे, काहीच्या काही उतरवतो. एका बोटानं टाइप करतो आहे. माझी जीभ थोडी जड झाली असेल, पण एवढी नाही. कांताला तर माझं सगळं कळतं, एकदाही ‘काय म्हटलं’ म्हणत नाही.

३० नोव्हेंबर

न्हाणीघरात पडलो. लागलं नाही.

सह्या एक हजार चारशे बारा. कागदांचा बस्ता बांधला. सोल्यांची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी खावीशी वाटली, कांतानं नरम शिजवून दिली, दोनदा घेतली. लालसिंगला पुढचा बेत सांगितला: डिसेंबरात अर्ज सादर, मार्चच्या अधिवेशनात समितीपुढं, उन्हाळ्यात चंद्रपूर आणि वर्धा जिल्ह्यांत सह्या, पुढच्या हिवाळ्यात सगळ्या आमदारांना पत्रं.

तो म्हणाला, “धर्मपाल, तू त पुढच्या हिवाळ्याचं बोलून राह्यला.”

त्यात काय! काम आहे ते आहे.

दुसरा पास लालसिंगचा ठरला होता. कांता म्हणाली, “मी येतो.” एवढंच. मला भीती वाटते. तिथं जाऊन आमदारांपुढं हिनं रडून मोडता घातला तर?

११ डिसेंबर, नागपूर

हे टाइप करायला दोन दिवस लागतील. लागू देत.

पहाटे गाडी करून निघालो, दहाला पोचलो. लालसिंग रस्त्यापलीकडं थांबला. चाकाची खुर्ची ढकलत कांता मला विधानभवनात घेऊन गेली. आमदार येताना दिसले आणि त्यांचा चेहरा बघूनच मी ओळखलं.

“काका, पक्षातले लोक म्हणून राह्यले, विषय नाजूक आहे. पुढच्या अधिवेशनात पाहू ना.”

यासाठी मी तयार होतो. सात वाक्यं पाठ केली होती. पहिलं म्हटलं. त्यांनी सहायकाकडं पाहिलं. सहायक म्हणाला, “काय म्हणतात?” मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. आजूबाजूचे दोघेतिघे थांबले. आमदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, “ठीक आहे काका, ठीक आहे. आराम करा.”

तेव्हा मला समजलं. मोबाइल बिघडला नव्हता. लालसिंगचा फोनही नव्हता.

माझ्या कानात माझं वाक्य स्वच्छ होतं आणि समोर कोणालाच ते पोचत नव्हतं. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी बोललो आणि माझ्या वेळेला हे.

कांता खुर्चीच्या मागून पुढं आली. मला वाटलं, आता ही म्हणेल, चला घरी.

ती म्हणाली, “साहेब, ते म्हणून राह्यले, पुढच्या अधिवेशनापर्यंत माह्या जवळ जीभ नसन.”

हेच म्हटलं होतं मी. शब्दाला शब्द.

मी दुसरं वाक्य म्हटलं. ती म्हणाली, “म्हणतात, मी मरण मागून नाही राह्यलो. थे त ठरलेलं आहे. कोणत्या दिवशी पुरे, एवढं मले सांगू द्या.”

तिसरं. चौथं. ती एकही शब्द गाळत नव्हती. पाचवं वाक्य तिच्याबद्दलचं होतं. मी अडखळलो. ती माझ्या तोंडाकडं बघत वाट पाहत राहिली. मग मी म्हटलं. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, “म्हणतात, मी घुसमटताना माह्या बायकोनं शेवटचं पाहावं असं मले नाही वाटत.”

सातही झाली. आमदारांनी तिला विचारलं, “ह्यांचं तुम्हाले कसं काय समजते?”

“सव्वीस वर्षं अंगणवाडीत आहो साहेब. बोबडं बोलणारी लेकरं ऐकत आली.”

“आन् बाई, तुमचं काय म्हणणं?”

“माह्यं?” ती म्हणाली. “माह्यी मर्जी नाही. ह्या माणसानं जावं असं मले एक दिवस बी वाटत नाही. उद्या तुमचा कायदा झाला आन् ह्यायनं त्यावर सही केली, त मी हात धरून भांडीन. पण अर्ज ह्यायचा आहे. ह्यायले बोलू द्या.”

आमदारांनी सहायकाच्या हातातली फाइल घेऊन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि सही केली.

दुपारी वरच्या गॅलरीतून पाहिलं. ते उठले आणि म्हणाले, वणी येथील श्री. धर्मपाल नगराळे व इतर एक हजार चारशे बारा नागरिकांचा विनंती अर्ज सभागृहास सादर करतो. झालं. अर्धं मिनिटही नाही. खाली कोणी मान वर केली नाही, एकजण तर कानात काही सांगून हसत होता. पण माझं नाव त्या छताखाली मोठ्यानं घेतलं गेलं! मी कांताच्या खांद्याला धरून उभा राहिलो. तिथला शिपाई धावला, “बसा काका, इथं उभं राहता येत नाही.”

कांता म्हणाली, “राहू द्या ना जी घडीभर. कितीक दिवसानं उभे राह्यले.”

त्यानं राहू दिलं.

बाहेर लालसिंगला दुरूनच कळलं. त्यानं मला खुर्चीतून उचलून गोल फिरवलं. मी पोरासारखा हसत होतो.

२७ जानेवारी

विधिमंडळ सचिवालयाचं पत्र! अर्ज समितीनं विचारासाठी घेतला. १७ मार्चला मुंबईत म्हणणं ऐकणार. ‘अर्जदाराने स्वतः अथवा प्रतिनिधीमार्फत.’

दीपाला कळवलं. तिनं उलट कळवलं: मलाही बोलायचं आहे, विरोधात. मी लिहिलं, जरूर ये, एकाच गाडीनं जाऊ.

३० जानेवारी

नागपूर. डॉक्टरीणबाईंनी फुंकर मारायला लावून श्वास मोजला. निम्म्यावर आला आहे. म्हणून थकवा. झोपताना तोंडावर मास्क लावायचं श्वासाचं मशीन आहे, पण जूनमध्ये मीच त्यांना लेखी दिलं होतं की मशीन नको.

मी म्हटलं, कांतानं सांगितलं: “म्हणतात, लावा. १७ मार्चपर्यंत.”

त्या म्हणाल्या, “आणि १८ला काढायचं?”

मी म्हटलं, १८ला कसं, समितीचा अहवाल कधी येणार ते बघावं लागेल ना, मग पावसाळी अधिवेशन आहे. कांतानं हे सांगितलं आणि सांगता सांगता हसायला लागली. डॉक्टरीणबाईही हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं ते दोघींनाच ठाऊक.

९ फेब्रुवारी

समितीपुढच्या निवेदनाचा मसुदा तयार. मुंबईत कांताच बोलणार, म्हणून रोज दुपारी तयारी. मी वाक्य म्हणतो, ती मागून म्हणते. मास्क लावल्यापासून मला हुशारी आली आहे. काल दोन पानं टाइप केली.

आज एका वाक्याशी ती अडली. मी लिहिलं होतं, ‘अर्जदाराच्या इच्छामरणामुळे अर्जदाराच्या पत्नीचीही त्याच्या ओझ्यातून सुटका होईल.’

“हे मी नाही बोलत.”

मी म्हणालो, मुद्दा वजनदार आहे. आम्हाला लेकरू नाही, सगळं तुझ्यावर आहे, समितीला हे कळायला पाहिजे.

“तुमच्या मरणाचं तुम्ही बोला. मी शब्द न् शब्द सांगीन, नागपूरले सांगितला तसा. पण हे माह्याबद्दल आहे, आन् खोटं आहे. काढा.”

“कांता, तू थकून राहिली. मी पाहतो ना.”

“थकलो मी. थकलो म्हटलं म्हंजे सुटका मागितली का? कोणी विचारलं मले? पाच महिने झाले लिहून राह्यले, गावाले विचारलं, आमदाराले विचारलं, त्या दीपाले दोनदा जाऊन विचारलं.”

तिचा आवाज चढला नव्हता. पक्षकाराचं म्हणणं न विचारता मी कधी एक ओळ लिहिली नव्हती, हा माझा नावलौकिक होता.

मी मोबाइल मांडीवर घेतला आणि एका बोटानं खोडायला लागलो. कांता बाजूला बसून बघत होती. ‘सुटका’ गेलं. ‘ओझ्यातून’ गेलं. ‘पत्नीचीही’ शेवटी गेलं. वर नऊ वाक्यं उरली आणि तिथं मोकळी जागा.

“आता इथं काय लिहू?” मी विचारलं.

ती म्हणाली, “लिहा, बायको सोबत आली आहे.”

लिहिलं. मग मी ते म्हटलं आणि तिनं माझ्यामागून म्हटलं.